अनोळखी माणसाचं नाव मनगटावर: व्हिएतनामच्या युद्धकैद्यांची कडी

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा आजीच्या दागिन्यांच्या डब्यात आजही अधूनमधून एक साधी धातूची पट्टी सापडते. बोटभर रुंद, मनगटाभोवती वळवलेली, टोकं मोकळी. नक्षी नाही की खडा नाही. व्हिएतनाम युद्धात पकडलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या एका अमेरिकन सैनिकाचा हुद्दा, नाव आणि एक तारीख, एवढंच कोरलेलं. उदाहरणार्थ, लेफ्टनंट कमांडर जॉन मॅकेन, १०-२६-६७. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ही २६ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी उत्तर व्हिएतनामच्या राजधानीवर, हनोईवर, मॅकेन यांचं विमान पाडलं गेलं आणि शहरातल्या एका तळ्यात पडलेले मॅकेन जखमी अवस्थेत पकडले गेले. पुढे ते सिनेटर झाले, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले, म्हणून हे नाव आपल्याला माहीत. बाकीच्या बहुतेक कड्यांवरची नावं मात्र घरचे आणि पलटणीतले सोबती सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हती.

कोरलेली तारीख माणूस हरवला त्या दिवसाची असे. कडं विकत घेणाऱ्यानं एक अट स्वतःहून पाळायची: हा माणूस घरी परत येईपर्यंत, किंवा त्याचं काय झालं हे नक्की कळेपर्यंत, कडं हातातून काढायचं नाही. १९७० ते १९७६ या काळात अशी जवळपास ५० लाख कडी वाटली गेली. शाळकरी मुली, ट्रकचालक, पाद्री, नट-नट्या, सगळ्यांच्या हातात ती होती. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही अशा माणसांची नावं इतक्या लोकांनी वर्षानुवर्षं हातात का बाळगली, हे समजून घ्यायचं तर आधी युद्धकैद्यांच्या कायद्यात थोडं डोकावावं लागतं.

शत्रूच्या हाती लागलेला सैनिक हा गुन्हेगार नसतो. त्यानं लढायचं काम केलं, आता तो लढण्याच्या स्थितीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार या एका समजुतीवर उभा आहे. त्यातल्या मारहाण-छळ बंदीची कलमं सगळ्यांना माहीत असतात. तितकीच महत्त्वाची कलमं कागदपत्रांची आहेत, आणि ती कुणी वाचत नाही. कैदी छावणीत पोचल्यावर आठवड्याभरात त्याला एक कार्ड भरू द्यायचं: मी जिवंत आहे, कैदेत आहे, तब्येत अशी आहे, पत्ता हा. हे कार्ड घरी जातं आणि त्याची एक प्रत जिनिव्हाच्या, युद्धकैद्यांची माहिती ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे. शिवाय महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा. प्रत्येक देशानं आपल्या ताब्यातल्या कैद्यांची माहिती देणारं कार्यालय चालवायचं.

या कागदपत्रांचं महत्त्व कैद्यापेक्षाही घरच्यांना कळतं. यादीत नाव आलं की माणूस सहजासहजी नाहीसा करता येत नाही. युद्ध संपल्यावर यादीवर बोट ठेवून विचारता येतं, हा कुठे आहे? नाव आलं नाही तर तो नुसता ‘बेपत्ता’. आणि बेपत्ता माणसाच्या बायकोला विधवेचं पेन्शन मिळत नाही, दिवस करता येत नाहीत, दुसरं लग्न करता येत नाही, आशा सोडताही येत नाही.

उत्तर व्हिएतनामनं १९५७ मध्येच जिनिव्हा करार मान्य केला होता, पण युद्धगुन्हेगारांबाबत एक राखीव अट घालून. आपल्या गावांवर, पुलांवर बॉम्ब टाकणारे अमेरिकन वैमानिक हे युद्धगुन्हेगार, तेव्हा त्यांना कैद्यांचे हक्क लागू नाहीत, अशी हनोईची भूमिका. बॉम्बच्या खाली राहणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा राग समजण्यासारखा आहे. पण रागानं कलम बदलत नाही. याद्या दिल्या गेल्या नाहीत, रेडक्रॉसला तुरुंगात जाऊ दिलं नाही, पत्रं अगदी तुरळक. आत हाल होते. १९६६ मध्ये जेरेमाया डेंटन या नौदल वैमानिकाला प्रचारासाठी कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेव्हा त्यानं पापण्या मिटत-उघडत मोर्स लिपीत ‘छळ’ हा शब्द सांगितला. बाहेरच्या जगाला मिळालेल्या पहिल्या ठोस पुराव्यांपैकी तो एक.

आणि अमेरिकन सरकार? ते कैद्यांच्या बायकांना सांगत होतं, गप्प बसा. बोभाटा केला तर तुमच्याच नवऱ्याचे हाल वाढतील. आम्ही पडद्याआडून प्रयत्न करतो आहोत. बऱ्याच जणी तीन-चार वर्षं गप्प बसल्या. सिबिल स्टॉकडेल ही त्यातलीच एक. तिचा नवरा जेम्स स्टॉकडेल सप्टेंबर १९६५ मध्ये पकडला गेला होता. ती वरवर साधी पत्रं लिहीत होती आणि त्यातून नौदलाच्या गुप्तहेर खात्याचे छुपे निरोप हनोईच्या तुरुंगात पोचवत होती. म्हणजे धीर कमी होता म्हणून ती गप्प होती असं मुळीच नाही. १९६८ मध्ये मात्र तिनं वर्तमानपत्राकडे तोंड उघडलं. मे १९६९ मध्ये सरकारनंही धोरण फिरवलं आणि कैद्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. १९७० मध्ये या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना रीतसर उभी राहिली. कड्यांना जमीन मिळाली ती इथे.

कडी काढली ती मात्र विद्यार्थ्यांनी. लॉस एंजेलिसच्या कॉलेजांमध्ये ‘व्हिवा’ नावाची एक संघटना होती. सुरुवातीला तिच्या नावात ‘व्हिएतनाममधील विजय’ असं काहीतरी होतं. पुढे वारं फिरलं तसं त्या अद्याक्षरांत दुसरं नाव बसवलं. कॅरल बेट्स आणि के हंटर या दोन विद्यार्थिनींना युद्धाच्या बाजूनं किंवा विरोधात घोषणा न देता सैनिकांसाठी काहीतरी करायचं होतं. बॉब डॉर्नन या टीव्हीवरच्या निवेदकानं त्यांची काही बेपत्ता वैमानिकांच्या बायकांशी गाठ घालून दिली. डॉर्ननच्या हातात व्हिएतनामच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींकडून मिळालेलं एक कडं होतं. त्याकडे पाहिलं की तिथल्या लोकांचे हाल आठवतात, असं तो सांगे. मुलींना वाटलं, आपणही व्हिएतनामला जाऊन अशी कडी आणावीत. तिकिटाला पैसे कोण देणार? मग कडी इथेच बनवायची आणि त्यावर हरवलेल्या माणसाचं नाव घालायचं, असं ठरलं.

पहिल्या १,२०० कड्यांचं पितळ आणि तांबं एका कार्यकर्तीच्या नवऱ्यानं दिलं. किंमत ठरवायची पद्धत मला फार आवडते: विद्यार्थ्यांना सिनेमाचं तिकीट जेवढ्याला पडे तेवढी, अडीच डॉलर. तांब्याचं कडं तीन डॉलरला. ते मोठ्यांसाठी, कारण तांबं घातल्यानं कोपराचं दुखणं जातं अशी त्यांची समजूत. आपल्याकडे तांब्याची अंगठी घालणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. ११ नोव्हेंबर १९७० ला, माजी सैनिकांच्या स्मरणदिनी, कडी जाहीरपणे बाजारात आली. नंतरच्या दहाच दिवसांत अमेरिकन सैन्यानं उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या तुरुंगावर हेलिकॉप्टरनं छापा घातला, तर आत एकही कैदी नव्हता. त्यांना जुलैमध्येच दुसरीकडे हलवलं होतं. कैदी कुठे आहेत हे सरकारलाच धड माहीत नाही, हे त्या बातमीनं घरोघरी पोचलं. पुढे मागणी इतकी वाढली की एका टप्प्यावर दिवसाला १२,००० पत्रं येत होती.

कडं चाललं ते का, याचं माझं उत्तर असं. हजार-दोन हजार ही संख्या ऐकून माणूस मान डोलावतो आणि चहा ओततो. एकच नाव हातात आलं की तो विचारतो, हा कोण? कुठल्या गावचा? लग्न झालंय का? पुष्कळ जणांनी वर्तमानपत्रात रोज तेच एक नाव शोधलं. शिवाय युद्धाला विरोध असणारा आणि पाठिंबा असणारा, दोघांनाही ते घालता येत होतं. १९७० च्या अमेरिकेत, जेवणाच्या टेबलावर बाप-लेकांचं या युद्धावरून वाजत असताना, असं दुसरं काही फारसं उरलं नव्हतं.

२७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये युद्ध थांबवण्याचा करार झाला. १२ फेब्रुवारीला कैद्यांचं पहिलं विमान हनोईहून निघालं. पहिल्याच दिवशी सुटलेल्यांत एव्हरेट अल्वारेझ होता. ऑगस्ट १९६४ मध्ये पकडलेला, म्हणजे साडेआठ वर्षं कैदेत. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत एकूण ५९१ अमेरिकन परतले. टीव्हीवर विमानतळावर उतरणाऱ्यांची नावं सांगितली जात आणि घरोघरी लोक आपल्या मनगटाशी ती ताडून पाहत. नाव जुळलं की कडं काढायचं, पाकिटात घालायचं, एक चिठ्ठी लिहायची आणि त्या माणसाला पाठवायचं. हिशेब करून पाहा: ५० लाख कडी, नावं जेमतेम काही हजार. म्हणजे एकेका नावाची सरासरी हजाराहून जास्त कडी देशभर फिरत होती. परतलेल्या माणसांच्या दारात टपालाच्या थैल्या येऊन पडू लागल्या. सहा वर्षं अंधारकोठडीत, आपल्याला जग विसरलं या समजुतीत काढलेल्या माणसाला कुठल्याशा खेड्यातल्या सातवीतल्या मुलीचं पत्र यायचं, की मी तुमचं नाव दोन वर्षं हातात घालून हिंडले.

इथपर्यंतची गोष्ट सगळे आनंदानं सांगतात. ज्यांची नावं जुळली नाहीत, त्यांच्यापाशी ती अडते.

करारानंतर अडीच हजारांहून जास्त अमेरिकनांचा हिशेब लागत नव्हता. यातले जवळपास निम्मे युद्धात मेल्याचं सैन्याला तेव्हाच माहीत होतं. फक्त शव मिळालं नव्हतं. बाकीच्यांतही जंगलात कोसळलेल्या, समुद्रात बुडालेल्या विमानांतले पुष्कळ. कैदी, बेपत्ता आणि मेलेला-पण-शव-नाही, ही तीन वेगळी खाती आहेत. कड्यावर मात्र सगळी नावं एकाच ठशात कोरलेली, एकाच वाटेकडे डोळे लावलेली. ‘तो परत येईपर्यंत’ या अटीत, तो कधीच येणार नसेल तर काय, याची सोय जवळजवळ नव्हती. कुटुंबांच्या वेदनेवर राजकारण्यांनी आपली पोळी भाजून घेतली हे खरंच. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारला युद्ध लांबवण्यासाठी कैद्यांचा प्रश्न हे सोयीचं कारण होतं, अशी टीका तेव्हाही झाली आणि नंतर इतिहासकारांनीही केली. पुढची वीस वर्षं ‘आपली माणसं अजून तिकडे पिंजऱ्यात आहेत’ ही कल्पना सिनेमांनी आणि भाषणांनी जिवंत ठेवली. अखेर सिनेटर जॉन केरी यांच्या अध्यक्षतेखाली, मॅकेनही सदस्य असलेल्या सिनेटच्या समितीनं १९९३ च्या जानेवारीत अहवाल दिला: आग्नेय आशियात कुणी अमेरिकन जिवंत कैदेत आहे याचा सबळ पुरावा नाही. दोन वर्षांनी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक दोन लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे, आणि नाव न लागलेल्या थडग्यांची संख्या त्याहून मोठी. त्यांच्या नावाची कडी कुणी काढली नाहीत. अमेरिकन सैनिकांच्या हाती लागलेली व्हिएतनामींची पत्रं, फोटो, डायऱ्या मात्र पुढे परत जाऊ लागल्या. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे डांग थुई त्राम या १९७० मध्ये मारल्या गेलेल्या तरुण डॉक्टरची डायरी. एका अमेरिकन सैनिकानं ती पस्तीस वर्षं जपून ठेवली आणि २००५ मध्ये तिची प्रत त्रामच्या आईपर्यंत पोचली.

१९८८ पासून अमेरिकी आणि व्हिएतनामी पथकं मिळून विमान पडल्याच्या जागा खणू लागली. गावातल्या म्हाताऱ्याला विचारायचं, विमान कुठे पडलं. मग उतारावरची माती चाळणीतून गाळायची. हाती लागतं ते एखादं हाडाचं तुकडं, दात, बुटाचा तळ, गणवेशाचं बक्कल. ते हवाईच्या प्रयोगशाळेत जातं. जुन्या हाडात साधा डीएनए बहुधा टिकत नाही, म्हणून पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए पाहतात. त्याच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात. हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे जुळवायला आई, बहीण, भाऊ किंवा बहिणीची मुलं लागतात. हरवलेल्याची स्वतःची मुलं इथे उपयोगाची नाहीत. याच तपासणीनं १९९८ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीतल्या, व्हिएतनाम युद्धातल्या ‘अज्ञात सैनिका’लाच नाव मिळवून दिलं: मायकेल ब्लासी, मे १९७२ मध्ये विमानासह पडलेला. ती जागा आता रिकामीच ठेवली आहे. आजवर हजाराहून जास्त बेपत्तांची ओळख पटली आहे, सुमारे दीड हजार बाकी आहेत.

कड्यांचा दुसरा प्रवास इथून सुरू झाला. चाळीस-पन्नास वर्षांनी एखाद्या छोट्या गावात अंत्यविधी होतो. बातमी पाहून कुठल्या तरी राज्यातली साठीची बाई आपलं जुनं कडं शोधून काढते आणि कुटुंबाला पाठवते, किंवा गाडी काढून स्वतःच येते. तिनं पंधराव्या वर्षी घातलेलं कडं त्या माणसाच्या मुलीच्या हातात ठेवलं जातं, जिला बाप आठवतही नसतो. काही कुटुंबांनी अशी कडी शवपेटीत ठेवली आहेत. मला विचाराल तर कड्याचं खरं काम १९७३ च्या टपालथैल्यांपेक्षा इथे जास्त झालं. परत आलेल्याला स्वतःची गोष्ट स्वतः सांगता येत होती. न आलेल्याबद्दल घराबाहेरचं कुणी इतकी वर्षं विचार करत होतं, याचा हातात धरता येईल असा पुरावा मुलाबाळांना दुसरा कुठून मिळणार?

मराठी वाचकाला इथे १९७१ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या युद्धात आपल्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३,००० जण आले (त्यात नागरी लोकही होते), त्यांची नोंद झाली आणि टप्प्याटप्प्यानं ते परत गेले. तिकडे पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर होते. रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ते ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा सोबत्यांसह पळाले आणि पार अफगाण सीमेजवळच्या लांडी कोतलपर्यंत पोचून पकडले गेले. पण त्यांची नावं यादीत होती. त्यामुळे पकडले गेले तरी त्याच डिसेंबरात ते वाघा सीमेवरून घरी आले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं तसं झालं नाही. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई-७ हे लढाऊ विमान पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं देणारी बातमी एका पाकिस्तानी वृत्तपत्रात आली, त्यात त्यांच्या आडनावाशी जुळणारं नाव होतं. पाकिस्तानच्या अधिकृत यादीत ते कधीच आलं नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडू. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी आणि इतर कुटुंबांनी पन्नास वर्षं सरकारदरबारी खेटे घातले. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाइकांची पथकं पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊनही आली, हाती काही लागलं नाही. अशा ५४ जणांची यादी धरली जाते. आपल्या ताब्यात कुणी नाही, असं पाकिस्तान आजही सांगतो. या घरांनी हातोहात फिरवलं ते वर्तमानपत्राचं कात्रण, परदेशी मासिकात आलेला गजाआडचा एक फोटो आणि एका मेजरच्या वडिलांना कराचीहून आलेलं पत्र. हे सगळं मोलाचं, पण ते फक्त नातलगांच्या फायलींत राहिलं. पुण्या-नागपुरातल्या एखाद्या कॉलेजातल्या, त्यांच्या रक्ताच्या नसलेल्या पोराच्या हातात यातलं एकही नाव कधी गेलं नाही, आणि प्रश्न दर काही वर्षांनी संसदेत डोकावून पुन्हा मिटत राहिला त्याचं एक कारण तेही असावं.

अमेरिकेत आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, आणि तिथल्या घरगुती विक्रीत डॉलर-दोन डॉलरला असं कडं हाती येऊ शकतं. आलं तर काय करावं? आधी नाव आणि तारीख अमेरिकी संरक्षण खात्याच्या बेपत्ता सैनिकांच्या जाहीर यादीत पाहावी. तो माणूस परतला होता, ओळख पटून दफन झाला, की अजून बेपत्ता आहे, हे तिथून कळतं. वॉशिंग्टनच्या काळ्या ग्रॅनाइटच्या व्हिएतनाम स्मारकभिंतीवरूनही कळतं: तिथे मृत्यू नक्की झालेल्याच्या नावाशी पत्त्यांतल्यासारखी चौकट आहे, बेपत्ताच्या नावाशी क्रूस; शव मिळालं की क्रूसावर चौकट कोरतात. या भिंतीपाशी लोकांनी सोडलेल्या वस्तूंत ही कडी नेहमी असतात. राष्ट्रीय उद्यान खात्याचे कर्मचारी त्या गोळा करतात आणि निवडक वस्तू संग्रहात ठेवतात, तेव्हा तोही एक मार्ग आहे. कुटुंबाला पाठवायचं असेल तर बेपत्तांच्या कुटुंबांच्या संघटनेमार्फत आधी विचारून घ्यावं. काही घरांत अशी शेकडो कडी साठली आहेत आणि आणखी एक पाकीट उघडायची ताकद सगळ्यांत नसते. पत्र आधी जाऊ द्यावं. त्यांचं ‘हो’ आलं की मग कडं.